मारेगावचं हिमस्खलन

शुभदा आळशी मारेगावच्या जिनिंगमध्ये शिरली होती ती फक्त थंड पाणी प्यायला. मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेदहा, आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं. पाण्याचा माठ सरकीच्या ढिगापलीकडे शेडच्या सावलीत होता. ढीग दुमजली घराएवढा. ती त्याच्या पायथ्याशी पोचली तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला, "ओ बाई, मांगं सरका. फुगून राह्यली ते."

काय फुगतंय ते बघायला शुभदाने मान वर केली. ढिगाच्या मध्यावर पोट आलं होतं. त्या पोटाच्या वरच्या अंगाला एक बारीक आडवी भेग धावली, आणि सगळा उतार एकदम सुटला. दगडासारखा गडगडत नाही, पाण्यासारखा पळत नाही. कोणी पायाशी धरून जाड गोधडी ओढावी, तसा. तिने दोन पावलं मागे टाकली. तिसरं टाकायला पाय जागेवर नव्हता. सरकी कंबरेपर्यंत आली आणि तिथे गच्च बसली.

वरून हातात दाताळं घेऊन एक बाई उतरत आली. तिचं नाव हंसाबाई राठोड. पन्नाशीच्या जवळची, बावीस हंगाम याच जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगावर काढलेली. तिच्या हाताखाली तांड्यावरच्या अकरा बाया होत्या, आणि त्या तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"सांगतलं होतं ना तुमाले," हंसाबाई म्हणाली. "काहून उभ्या राह्यल्या?"

शुभदाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने एक मूठ सरकी उचलून दाबली होती. रुईचे बारीक धागे बियांना चिकटलेले असतात, त्यामुळे मूठ उघडली तरी गोळा तसाच राहिला. तिने तो टाकला, दुसरा केला, आणि मग तिला हसू यायला लागलं. थांबवायचा प्रयत्न केला तसं जास्तच यायला लागलं.

"मावशी, ही नेहमी अशीच येते का?"

"कोन?"

"सरकी. आधी फुगते, मग भेग पडते, मग सगळी एकदम?"

हंसाबाईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ऊन लागलं काय तुमाले?"

ऊन लागलं नव्हतं. कालपासून ती जे शोधत होती, त्यातच ती आता कंबरेपर्यंत उभी होती.

शुभदा मूळची यवतमाळची. वडील कचेरीतून निवृत्त झालेले, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. आळशी आडनावावर यवतमाळात कोणी हसत नाही, पुण्यात मात्र तिच्या ऑफिसात पहिले सहा महिने रोज कोणीतरी हसायचं. ती पुण्यातल्या एका कंपनीत इंजिनिअर होती. कंपनी डोंगरउतारावर बसवायच्या पोलादी जाळ्या बनवायची. वरून दरड आली, बर्फाचा लोंढा आला, तर खालचा रस्ता वाचावा म्हणून. या जाळीची खुबी अशी की ती भिंतीसारखी ताठ उभी राहत नाही. ती मागे जाते, खांब कलतात, दोरांना घातलेले नळीचे वेढे आवळत जातात आणि येणाऱ्याचा सगळा जोर खाऊन टाकतात. क्रिकेटच्या मैदानात जोरात आलेला झेल घेताना हात मागे नेतात, तसं.

नवी जाळी हिमाचलमध्ये, किन्नौरमधल्या एका वस्तीच्या वर लागणार होती. त्याआधी तिची चाचणी हवी. कंपनीची चाचणीची जागा आठ महिन्यांसाठी अडकलेली होती. शुभदाला मारेगावजवळची बंद खदान आठवली. खदानीच्या मागे उपसलेल्या मुरुमाचा टेकडीएवढा ढिगारा होता, उतार हवा तसा, चाळीस अंशाला थोडा कमी. तिच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, "यवतमाळ जिल्ह्यात हिमस्खलन करणार का तुम्ही?" सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि मग तिने खरंच परवानग्या काढल्या होत्या.

पहिली चाचणी झकास झाली. दोन टन वजनाचा काँक्रीटचा ठोकळा वरून सोडला. जाळीने तो पोटात घेतला, एकदा झुलली आणि थांबली. शेजारच्या वावराचे मालक रामराव बोबडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ते रोज सकाळी डबा घेऊन यायला लागले.

दुसरी चाचणी बर्फाची होती. बर्फाऐवजी गिट्टी वापरायची, असं पुण्यात ठरलं होतं. गिट्टी सोडली. ती खडखडाट करत खाली आली, जाळीच्या खालच्या फटीतून निम्मी निसटली आणि पुढे शहाण्यासारखी पसरून बसली. ते बघायला दोर्जे नेगी नावाचे गृहस्थ किन्नौरहून मुद्दाम आले होते. त्यांच्या वस्तीच्या वरच ही जाळी लागणार होती आणि तिकडच्या रस्त्याचं काम त्यांच्याकडे होतं. शांत माणूस, पन्नाशीचा, डोक्यावरची हिरवी टोपी एवढ्या उन्हातही काढत नसे. त्यांनी गिट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मैडम, गिट्टी बहुत अच्छी है. पर यह बर्फ नहीं है."

ही कालची गोष्ट. नेगींची परतीची गाडी शनिवारी होती.

आणि आता मंगळवारी सकाळी तिला सरकी सापडली. हंसाबाईने आणि दोन बायांनी तिला ओढून बाहेर काढलं. एक चप्पल आतच राहिली. तशीच एका पायात चप्पल घालून ती वजनकाट्यावर गेली, बादलीभर सरकी मोजली, मग बादली हलवून ठोकून परत मोजली. बसलेल्या बर्फाचं वजन जेवढं असतं, तेवढंच. तिने तिसऱ्यांदा मोजली, कारण तिचा विश्वास बसत नव्हता.

जिनिंगचे मॅनेजर नीळकंठराव आपल्या खोलीतून हे सगळं बघत होते. ते बाहेर आले. शुभदाने एका दमात सांगितलं की तिला चार टिप्पर सरकी हवी आहे, ती डोंगरावरून खाली सोडायची आहे आणि मग परत आणून द्यायची आहे.

नीळकंठरावांनी चष्मा काढून पुसला. "परत म्हणजे अशीच?"

"अशीच."

"ह्या सरकीचं तेल निघते, मॅडम. एक खडा गेला तर घाण्याचं वाटोळं होते. खडा नाही आला पायजे."

मुरुमाच्या टेकडीवरून सरकी खाली आणायची आणि एक खडा येऊ द्यायचा नाही. शुभदा खदानीवर परत आली ती याच विचारात. रामराव धुऱ्यावर जेवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "म्हंजे आख्ख्या टेकडीले ताडपत्री पायजे. ते माह्याकडे लागलं."

कापसाच्या पट्ट्यात ताडपत्री नसलेलं घर नाही. संध्याकाळपर्यंत रामरावांच्या ट्रॅक्टरमध्ये त्रेचाळीस ताडपत्र्या जमल्या. निळ्या, पिवळ्या, काळ्या, एक लग्नाच्या मांडवाची लाल झालरवाली. प्रत्येक घरी रामरावांनी कारण वेगळं सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं त्या पहिल्या घरी लोक त्यांना आत बसवून पाणी पाजायला लागले होते. दुसऱ्या दिवशी हंसाबाईच्या बायांनी दाभण आणि सुतळी घेऊन ताडपत्र्या एकमेकींना शिवल्या. दुपारी दोन वाजता टेकडीने पायथ्यासकट रंगीबेरंगी वाकळ पांघरली होती आणि हायवेवरून जाणाऱ्या एसट्या हळू व्हायला लागल्या होत्या.

मग टिप्पर आले आणि घोटाळा झाला. टेकडीच्या माथ्यावर चौघांनी एकाच वेळी सरकी ओतायची, असं शुभदाचं गणित होतं. तिने शिट्टी वाजवली. चारही टिप्परांचे हौदे वर गेले, आणखी वर गेले, पार उभे राहिले. सरकी जागची हलली नाही. वडी साच्याला चिकटावी तशी ती हौद्यांना चिकटून लटकत राहिली. ड्रायव्हर आरशात बघत होते. मग एका टिप्परातून एक छोटा गोळा सुटून घरंगळत खाली आला आणि जाळीपाशी अदबीने थांबला.

सगळ्यात आधी हंसाबाई हसली. पदर तोंडाला लावून, खाली बसून. मग बाया हसल्या, मग ड्रायव्हर, मग शुभदाला उभं राहता येईना.

"सरकी अशी सांडत नसते बाई," हंसाबाई डोळे पुसत म्हणाली. "तिले बसू द्या लागते. आपल्या वजनानं बसली, दबली, का मंग ते सोताच निंगते. तुमी घाई कायले करून राह्यल्या?"

"मग कसं करायचं, तुम्ही सांगा."

हंसाबाईने सांगितलं. टेकडीच्या माथ्यावर फळ्यांचा आडोसा करायचा. त्याच्या मागे सरकी थरावर थर टाकायची, प्रत्येक थरावर पाण्याचा हलका शिपका. दोन रात्री बसू द्यायची. आणि मग फळ्या एका झटक्यात काढायच्या. शुभदाने ते सगळं वहीत लिहून घेतलं. नेगी शेजारी उभे होते. त्यांना थोडंफार मराठी कळत होतं की फक्त हंसाबाईचे हात कळत होते, कोण जाणे, पण ते मान हलवत होते. "ठीक बोल रही हैं," ते म्हणाले. "ऊपर ऐसे ही बैठती है. परत पर परत." थरावर थर.

आडोशाचे दोन कप्पे केले. एकातली चाचणी फसली तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता खदानीत निम्मं मारेगाव होतं. शुभदाने जाळीच्या खाली, चांगल्या अंतरावर, चुन्याची रेघ मारली होती. तिच्या पुढे, जाळीच्या बाजूला, कोणी जायचं नाही. मापं घेणारी यंत्रं दोरांना जोडलेली होती, तीन कॅमेरे लावलेले होते. पारा एक्केचाळीसवर होता. हिमस्खलनाची चाचणी बघायला आलेल्या लोकांनी डोक्याला ओले दुपट्टे बांधले होते.

फळ्यांना साखळी होती आणि साखळीचं दुसरं टोक माथ्यावर, बाजूला उभ्या असलेल्या रामरावांच्या ट्रॅक्टरला. रामरावांनी नवा सदरा घातला होता.

शुभदाने शिट्टी वाजवली. ट्रॅक्टर गुरगुरला, फळ्या निघाल्या.

काहीच झालं नाही. सरकीची भिंत जशीच्या तशी उभी राहिली. शुभदाने हंसाबाईकडे पाहिलं. हंसाबाईने एक बोट वर केलं होतं, थांब म्हणून.

"फुगून राह्यली," ती हळूच म्हणाली.

आणि मग सरकी सुटली. पांढरट, राखी, एकसंध, टेकडीच्या रुंदीची लाट. आवाज फारसा नव्हता, मोठा श्वास सोडल्यासारखा. पण पायाखालची जमीन थरथरली. समोरच्या कडेला तिचे गोळे होत होते, फुटत होते, वर उसळत होते, आणि मागून सगळा ढीग रेटा देत होता. ती जाळीवर आदळली. जाळी मागे गेली, पोट काढून, आणखी मागे. खांब कलले. दोरांवरचे वेढे कर्रकर्र करत आवळले, आणि तो आवाज अगदी हवा तसा होता. जाळी थांबली. सरकी थांबली. वर रुईचा एक ढग उठला आणि सावकाश सगळ्यांवर उतरायला लागला.

दोनशे माणसं तोंड वर करून उभी होती आणि त्यांच्या दुपट्ट्यांवर, मिशांवर, मोबाइलवर पांढरं काहीतरी पडत होतं, एक्केचाळीस डिग्रीत. मग माथ्यावरून रामरावांनी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला आणि तो बराच वेळ वाजवतच राहिले.

शुभदा धावत यंत्रांपाशी गेली. तिने आकडे दोनदा वाचले. दोरांना जेवढा ताण पेलेल, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त आला होता. जाळी पास झाली होती. तिने हंसाबाईला मिठी मारली आणि हंसाबाईने ती, थोडी आखडून, मारू दिली.

मग हंसाबाई भरलेल्या जाळीकडे बघत म्हणाली, "अन् दुसरी आली तं?"

"दुसरी कोण?"

"दुसरी सरकी. आमच्या ढिगाचं असंच असते. एक घसरली का तिच्यामांगं वरची मोकळी होते. ते मंग पहिलीच्या पाठीवरून येते. जाळी तं आता भरली. दुसरी कुठी जाईन?"

शुभदाने वही उघडली. पुण्यातल्या आराखड्यात एकच लोंढा होता. एक लोंढा, एक जाळी, मग माणसं जाऊन बर्फ उपसणार. जाळी चाचणीत पास झाली होती, आकडे तिच्या हातात होते, आणि दुसरा कप्पा तसाच भरलेला होता. तो आता रिकामा करून टिप्परात भरता आला असता. तिने नेगींकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते.

"छोड़िए दूसरी भी," ते म्हणाले. "बिना साफ़ किए."

ती धावत माथ्यावर गेली, साखळी दुसऱ्या फळ्यांना लावली, खाली आली आणि सगळ्यांना चुन्याच्या रेघेच्याही मागे रेटलं. शिट्टी वाजवली. या वेळी वाट बघावी लागली नाही. दुसरी लाट निघाली ती पहिलीपेक्षा वेगात, कारण पहिलीने वाट गुळगुळीत करून ठेवली होती. भरलेल्या जाळीपाशी ती अडलीच नाही. पहिलीच्या पाठीवर चढली आणि वरच्या दोरावरून अलगद पलीकडे उतरली. चुन्याची रेघ दिसेनाशी झाली. शुभदाच्या गुडघ्यांपर्यंत, नेगींच्या गुडघ्यांपर्यंत, नीळकंठरावांच्या मांड्यांपर्यंत सरकी आली आणि थांबली. नीळकंठराव खडे तपासायला पुढे उभे राहिले होते.

"ऐसे ही हुआ था," नेगी म्हणाले. ते सरकीत उभे होते आणि हलत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत पहिला लोंढा त्यांच्या वस्तीच्या वरच्या जुन्या दगडी बांधापाशी थांबला होता. लोक खुशीने बाहेर आले, फावडी घेऊन. अर्ध्या तासाने दुसरा त्याच्यावरून आला. नेगी वीस मिनिटं आत होते. मेव्हण्याने त्यांना खणून काढलं. सगळे वाचले, पण ही गोष्ट त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्या इंजिनिअरांनी ती वहीत लिहून घेतली होती आणि आराखडा होता तसाच ठेवला होता. "आज पहली बार किसी ने खुद पूछा," ते म्हणाले आणि हंसाबाईकडे वळून त्यांनी हात जोडले.

हंसाबाई दाताळं घेऊन वर चढायला लागली, वरची उरलेली सरकी खाली ओढायला. अर्ध्या उतारावर ताडपत्रीवरून तिचा पाय घसरला. ती बसली, आणि बसल्या बसल्या निघाली. निळीवरून पिवळीवर, पिवळीवरून लाल झालरीवर, लुगडं आवरत, वेग घेत, आणि सरळ सरकीच्या ढिगात छातीपर्यंत शिरली. सगळे धावले. तिने वर पाहिलं. तोंडावर रुई होती.

"सरका," ती म्हणाली. "मले परत जाऊ द्या."

यानंतरचा तासभर शुभदाच्या अहवालात नाही. अकराही बाया वर गेल्या. एकमेकींचे पदर धरून रांगेत बसल्या आणि घसरत आल्या. टिप्परचे ड्रायव्हर गेले. रामरावांनी नवा सदरा काढून घडी करून ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवला आणि बनियनवर आले, हात वर करून. नीळकंठराव सरकीत खडा येईल, सरकीत खडा येईल, असं म्हणत वर गेले, लोकांना थांबवायला. ते कसे खाली आले, यावर मारेगावात दोन मतं आहेत. त्यांचं स्वतःचं मत असं की त्यांना कोणीतरी ढकललं. दुसऱ्यांदाही.

नेगी सगळ्यात शेवटी गेले. बराच वेळ ते माथ्यावर बसून राहिले, खाली बघत. त्यांना आणायला जावं का, असं शुभदाला वाटलं. मग ते निघाले. ढिगात शिरल्यावर असे हसायला लागले की हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि हंसाबाईने पाठीवर धपाधप चार गुद्दे घातले.

सरकी त्याच दिवशी परत गेली. नीळकंठरावांनी स्वतः चाळून पाहिली. एक खडा निघाला, हरभऱ्याएवढा. तो त्यांनी कागदात गुंडाळून शुभदाला दिला आणि म्हणाले की एवढं चालते.

पुण्याला फोन झाला तो शनिवारी सकाळी. जाळी पास झाली आहे, पण एक ओळ पुरणार नाही, खाली दुसरी हवी, आणि या दोन ओळींमध्ये किती अंतर हवं तेही सरकी सोडून काढता येईल, असं शुभदाने सांगितलं. साहेब म्हणाले, पास झाली ना, मग विषय संपला. तिकडून एकच ओळ मागितली आहे. शुभदाने फोन नेगींना दिला. नेगी सव्वा मिनिट बोलले. त्यांचा आवाज चढला नाही. फोन परत आला तेव्हा साहेब विचारत होते की ही हंसा राठोड कोणत्या आयआयटीची.

एप्रिलमध्ये अजून दोनदा सरकी सोडली गेली. अंतर ठरलं. अहवालाच्या पहिल्या पानावर चाचणी करणाऱ्यांची नावं असतात, तिथे शुभदाच्या नावाखाली हंसाबाईचं नाव छापलं गेलं, आणि ते वगळावं अशी सूचना दोनदा येऊनही तसंच राहिलं. सप्टेंबरमध्ये किन्नौरला दोन्ही ओळी उभ्या राहिल्या.

पुढच्या जानेवारीत एका दुपारी शुभदा मारेगावला आली. नेगींनी व्हिडिओ पाठवला होता. वरची जाळी बर्फाने काठोकाठ भरलेली, तिच्यावरून आलेलं खालच्या जाळीत अडकलेलं, आणि त्याखाली रस्ता, कोरडा, त्यावर एक कुत्रं बसलेलं. हंसाबाई जिनिंगमध्ये ढिगावर उभी होती. तिने दाताळं टेकवलं, मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. बाया तिच्याभोवती जमल्या. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळ्या नुसत्याच बघत होत्या.

"वलसर दिसते थोडी," अखेर हंसाबाई शुभदाच्या कानाशी येऊन ओरडली. "पण बसली बरोबर."